ठिसूळ नस

अब्दुल्लाभाई तपासणीला आले की डॉक्टर अंकुश म्हात्रे कागदांत डोकं घालायचे. आता बोला! पेशंट ठणठणीत, तोंडभरून दुवा देणारा, आणि डॉक्टरच नजर चुकवतोय. पनवेलात कुणाच्या छातीत कळ आली की अब्दुल्लाभाई आपल्या दुकानातून ओरडायचे, "म्हात्रेसाहेबांकडं जा! मला मौतीच्या दारातून ओढून आणलं त्यांनी."

ओढून आणलं हे खरं. पण त्या दारापर्यंत नेलं कुणी?

अँजिओप्लास्टी तशी साधी होती. हृदयाच्या उजव्या नसेत एकच अडथळा. मनगटातून कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, नसेच्या तोंडाशी नेऊन टेकवायची आणि तिच्यातून स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, पुढे सरकवायचा. नेहमीची सौम्य वळणाची नळी सारखी निसटत होती. थोडा दम धरला असता, आणखी एक तार घालून आधार दिला असता, तर तिच्यानंच काम झालं असतं. पण साहेबांना दम कुठला! घट्ट रुतून बसणारी, जास्त बाकाची नळी मागितली आणि ती जरा जास्तच आत रेटली. नसेचं तोंड फाटलं. पडद्यावर ते त्यांना दिसलं. धावपळ करून तिथं दुसरा स्टेंट बसवला, तेव्हा कुठं माणूस वाचला.

बाहेर येऊन ते अब्दुल्लाभाईंच्या बायकोला, सफूराभाभींना म्हणाले, "नस आधीपासूनच ठिसूळ होती." शिकलेल्या माणसाला थाप मारायलाही बरा शब्द सापडतो. भाभींनी रडत रडत आभार मानले, आणि हे साहेब घरी जाऊन जेवले.

आज मात्र तपासणीला भाभीही आल्या होत्या. वाळून पार काटकी झालेल्या.

"साहेब, हिला जरा समजवा," अब्दुल्लाभाई म्हणाले. "हिनं चूल सोडलीय. सून रांधते, आम्ही गिळतो. हिच्या हातच्या सांदणांसाठी जीव तुटतो माझा!"

"काय झालं भाभी?"

भाभींनी पदर पुढे ओढला. "जन्मभर मीच खाऊ घातलं ना यांना? खोबरं, तूप, वर आग्रह करकरून. तुम्हीच म्हणालात, नस ठिसूळ होती. मग कुणी केली ठिसूळ? मी नमाजाला बसले तरी तेच मनात येतं. माझ्याच हातानं मी यांना..."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या चुकीचं खापर या बाईच्या डोक्यावर फुटलं होतं, आणि ती ते मुकाट्यानं सोसत होती. 'तेल-तूप जपून वापरा' असं काहीतरी पुटपुटून सुटता आलं असतं. जीभ तिकडं वळलीही होती.

"भाभी, नस ठिसूळ नव्हती," ते म्हणाले. "मी नको ती नळी निवडली आणि जोर लावला. माझ्या हातानं फाटली ती. तुमच्याशी मी खोटं बोललो."

 अब्दुल्लाभाईंनी हात उडवला. "जाऊ द्या हो साहेब. सांधलीत ना परत? माणूस आहे, चुकायचाच. मी माफ केलं." आणि खरंच हसले. डॉक्टरांचे डोळे भरून आले. वाटलं, सुटलो एकदाचा.

भाभी हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या.

"नस यांची होती, यांनी माफ केलं," त्या म्हणाल्या. "पण ईदेला माझा नवरा दुसऱ्याच्या हातचा शिरखुर्मा खात होता आणि मी दारात उभी राहून बघत होते. ते मी माफ नाही करायची, साहेब."