दगडांवर फोडलेलं खापर

उभी हयात पुस्तकं बांधण्यात घालवलेल्या माणसाने, मुलगी देवापासून तुटली याचं खापर पुस्तकांवरच फोडावं, हे जरा विचित्रच. पण बाइंडरबाबांनी ते फोडलं होतं खरं.

गल्लीत सगळे त्यांना बाइंडरबाबाच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. खळीचं भांडं, जाड सुया, पुठ्ठ्यांची चळत आणि पानं दाबायचं एक लोखंडी यंत्र. कॉलेजच्या लायब्ररीची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि मुलगी शाळेतून आली की त्यांच्यात डोकं खुपसून बसायची. पृथ्वी किती जुनी, समुद्रातले जीव जमिनीवर कसे आले, हे सगळं तिने पुठ्ठा वाळायच्या आत वाचून काढलं होतं. तेव्हा बाबांना तिचं कौतुकच वाटायचं. पुढे ती संग्रहालयात कामाला लागली. दगडात अडकलेली कोट्यवधी वर्षांपूर्वीची हाडं सुईने न् ब्रशने मोकळी करायचं काम. बाबा ज्याला त्याला सांगायचे, "मी सुईने पानं शिवतो, माझी पोरगी सुईने दगड उसवते."

एकच गोष्ट त्यांच्या घशात अडकलेली होती. मुलगी कधी प्रार्थना करत नसे. लहानपणी करायची, मग केव्हातरी थांबली. नक्की केव्हा, ते बाबांनी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. हाडं आणि दगड घेऊन बसलेल्या माणसाचा देव सुटणारच, असा त्यांचा सरळ हिशोब.

गेल्या वर्षी बायको अंथरुणाला खिळली. तिने एकदा मुलीला जवळ बसवून म्हटलं, "माझ्यासाठी दोन शब्द माग ना देवाकडे." मुलीने आईचा हात धरला, रात्रभर सोडला नाही, पण प्रार्थनेला ओठ हलवले नाहीत. बाबांनी ते दारातून पाहिलं, बाहेरच्या खोलीत निघून गेले आणि मनाला लावून घेतलं. बायको गेल्यावर आठव्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं, "तुझे दगड तुला लखलाभ. इथे येऊ नकोस." मुलीने चपला घातल्या आणि गेली. आठ महिने दोघांचा अबोला.

मग एके सकाळी दाढी करता करता न्हाव्याने त्यांच्यापुढे पेपर धरला. मुलीचा फोटो होता. हातात माशाचा ठसा असलेला एक चपटा दगड आणि वर ठळक अक्षरांत मथळा, 'या माशाने देवाला रजा दिली'. शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "तुमचीच ना ही?" बाबांना तोंडात मारल्यासारखं झालं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले, घरी येऊन उरलेली स्वतः केली, पेपर खिशात कोंबला आणि थेट संग्रहालय गाठलं. मुलीला नाही, तिच्या वरिष्ठांनाच खडे बोल सुनावायचे असं ठरवून.

विभागाच्या मुख्य बाई साठीच्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला. टेबलावर एका बाजूला कुठल्याशा प्राण्याचा जबडा, दुसऱ्या बाजूला उघडलेला जेवणाचा डबा. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. झोप लागली असेल म्हणून बाबा दारातच थांबले. मग त्यांना बाईंचे ओठ हलताना दिसले.

"तुम्ही प्रार्थना करत होतात?" बाईंनी डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं. भांडायला आलोय हे ते विसरूनच गेले.

"जेवणाआधी करते. लहानपणापासूनची सवय. बसा."

आपण कोण ते बाबांनी सांगितलं आणि पेपर पुढे केला. बाईंनी कपाळाला हात लावला. "सकाळपासून हेच चाललंय. माझ्या बहिणीचाही फोन येऊन गेला, तू कुठे नोकरी करतेस म्हणून."

"पण तुम्ही देव मानता," बाबा कपाटांकडे हात करत म्हणाले, "आणि हे सगळंही मानता?"

"हे कसं कसं घडत गेलं, ते मी शोधते. त्याच्यामागे कोणी आहे का, ते दगड सांगत नाही. तो आहेही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. शेजारच्या खोलीतले सर देव मानत नाहीत. आम्ही दोघं एकाच हाडाचं वय काढतो आणि आकडा एकच येतो."

"माणूस माकडापासून झाला म्हणता ना?"

"माकडं आपले आजोबा नव्हेत हो. लांबची चुलत भावंडं. लग्नाला बोलावलं नाही तरी चालेल इतकी लांबची."

बाबांना हसू आलं नाही. जे इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलं होतं, ते हातातून निसटत होतं. "मग माझ्या पोरीला बिघडवलं कोणी?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "ते तिलाच का नाही विचारत?"

मुलगी मागच्या खोलीत होती. दिव्याखाली वाकलेली, बाहीवर पांढरी धूळ. बाबांना दारात पाहून ती एकदम उभी राहिली. "बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय." त्यांनी पेपर टेबलावर ठेवला.

"मी असं बोललेच नाही, बाबा. या माशाच्या परांत हाताच्या हाडांसारखी हाडं आहेत, एवढंच म्हटलं. बाकी सगळं पेपरवाल्यांच्या पदरचं."

"मग तुझा देव सुटला कधी? कुठल्या पुस्तकाने?"

तिने हातातल्या ब्रशचे केस सारखे केले. "पुस्तकाने नाही. धाकट्याच्या वेळी."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. सहा वर्षांचा होता. मेंदूज्वर झाला आणि अकरा दिवसांत गेला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याच्याबद्दल घरात चोवीस वर्षं कोणी बोललं नव्हतं.

"तुम्ही मला सांगितलं होतं, लहान मुलांचं देव ऐकतो, तू माग. मी मागितलं. शाळेत, अंथरुणात, हॉस्पिटलच्या जिन्यात एकेका पायरीवर. मग तो गेला. तुम्ही बाकावर बसला होतात. मी तुमच्याजवळ आले. तुम्ही म्हणालात, तुझं मन लागलं नसेल."

बाबांना तो बाक आठवत होता. भिंतीचा हिरवा रंग आठवत होता, फिनेलचा वासही. ते वाक्य मात्र कुठेच सापडेना.

"मी असं म्हटलं?"

"ओरडून नाही. हळूच म्हणालात." तिने ब्रश खाली ठेवला. "आणि खरंच लागलं नव्हतं, बाबा. एकदा मागता मागता मला भूक लागली. एकदा मनात आलं की त्याची रंगपेटी आता मला मिळेल. मग काय समजायचं मी? माझ्यामुळे गेला, नाहीतर ऐकणारं कोणी नव्हतंच. यातलं एक मला धरायचं होतं. मी नऊ वर्षांची होते. मी दुसरं धरलं. हे दगड फार नंतर आले. उलट यांनीच मला सावरलं. इथे कोणाचं मन लागलं नाही म्हणून कोणी मरत नाही."

"आईला ठाऊक होतं?"

"तिचा हात धरून बसले होते, त्या रात्री सांगितलं तिला. तिने माझं डोकं जवळ घेतलं आणि म्हणाली, यांना सांगू नकोस, झेपायचं नाही."

म्हणजे ज्या रात्रीसाठी त्यांनी पोरीला घराबाहेर काढलं, त्या रात्री आत मायलेकींचं हे बोलणं झालं होतं. बाबा स्टुलावर बसले. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "मलाच मागता येत नव्हतं गं. हात जोडले की डॉक्टरांचा चेहरा दिसायचा. जीभ उचलायची नाही. म्हणून तुझ्यावर टाकलं. मन माझं लागलं नव्हतं."

मुलगी रडली नाही. ती त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसली आणि त्यांच्या विजारीवर पडलेली दगडाची धूळ झटकत राहिली. झटकून संपली तरी तिचा हात चालूच होता.

"मला माफ करशील?" त्यांनी विचारलं.

"करतेय, बाबा. केव्हापासून करतेय. पुरं होत नाहीये."

त्यानंतर ती घरी येऊ लागली. रविवारी येते, स्वयंपाक करते, दुकानात बसून वाचते. प्रार्थनेचा विषय बाबा काढत नाहीत. स्वतःची मात्र त्यांनी सोडली नाही, फक्त देवाकडे मागायचं बंद केलं. कधीकधी जेवताना ते धाकट्याची एखादी खोडी सांगायला लागतात. मुलगी मान खाली घालून ऐकते, मध्येच उठून पाणी आणायला जाते आणि परत यायला तिला जरा वेळच लागतो. बाबा तोवर घास हातात धरून थांबतात.