बोस्तानने दार उघडलं नाही

१९८४ चा जानेवारी होता तो. यॉर्कशायरच्या आमच्या गिरणगावात तीन दिवस बर्फ पडत होता. भाड्याच्या मोटारींच्या ऑफिसात मी फोन घेई, वहीत नाव-वेळ लिही आणि वायरलेसवर ड्रायव्हरला धाडी. रस्त्यात हात दाखवून थांबवायच्या त्या फक्त काळ्या टॅक्सी. ऑफिसात आधी न सांगता आमच्या गाडीत कोणी बसलं, तर तो गुन्हा, शिवाय त्या फेरीचा विमाही गेला.

बाकीचे ड्रायव्हर वाटेत दिसेल त्याला बसवत आणि मग मला सांगत, "बाजी, तेवढं लिहून टाक." बाजी म्हणजे ताई. त्यांना वाटे, एवढ्यानं भागतं. बोस्तान खान मात्र तसं कधी करत नसे.

"काय वकीलसाहेब, आज किती कलमं पाठ केली?" ते विचारत.

"तुझा परवाना जाईल त्या दिवशी म्हणून दाखवतो," तो म्हणे.

पाकिस्तानातल्या मीरपूरहून त्याची बायको आणि दोन मुली यायच्या होत्या. परवाना गेला असता तर रोजगार गेला असता आणि त्यांचे कागद तिकडेच अडले असते.

त्या दुपारी सव्वातीनच्या जरा आधी फोन वाजला.

"बाई, तुमचा ड्रायव्हर माणूस आहे की दगड?" आवाज म्हाताऱ्याचा होता. "मी ऑग्डेन. पियानो जुळवतो, डोळ्यांनी आंधळा. स्टेशनबाहेर एक टॅक्सी नाही. बायको इस्पितळात शेवटच्या घटका मोजतेय, आणि हा मला गाडीत घेईना. हाताला धरून फोनच्या खोलीत आणलं, नाणं टाकलं, तुमचा नंबर फिरवला आणि दार लावून गेला."

"तो जवळ नाही?"

"म्हटलं ना, गेला. बाहेर बर्फ पडतोय."

मी लिहिलं: तीन वाजून बारा. मग वायरलेसवर बोस्तानला म्हटलं, "गाडी सात, स्टेशनच्या फोनपाशी ऑग्डेन, इस्पितळात."

"आत्ता आणतो, बाजी."

स्टेशनसमोर परवाना खात्याचे प्रीससाहेब आपल्या मोटारीत बसून होते. म्हाताऱ्याने बोस्तानच्या गाडीची काच ठोठावलेली आणि थोड्या वेळाने तो गाडीत बसलेला त्यांनी पाहिला. मधे बर्फाने त्यांची काच झाकली होती, म्हणून फोनचं त्यांना दिसलंच नाही. दोन आठवड्यांनी बोस्तानला समन्स आलं.

कोर्टात प्रीससाहेबांनी जे पाहिलं तेच सांगितलं, तिखटमीठ लावलं नाही. मी वही दाखवली. खात्याचे वकील म्हणाले, "गिऱ्हाईक तुम्हीच फोनपर्यंत नेलंत. म्हणजे रस्त्यावरच मिळवलंत."

"साहेब, फोनवर त्यांना दुसरी गाडी मागता आली असती," बोस्तान म्हणाला. "ऑफिसही दुसऱ्याला धाडू शकलं असतं. सौदा त्या दोघांचा. म्हणून मी ऐकायला थांबलो नाही."

मग ऑग्डेन काठी टेकत उभे राहिले.

"मी याला वाटेल ते बोललो. गाडीत बसल्यावर विचारलं, का रे बाबा एवढा छळ? म्हणाला, चाचा, रस्ता निसरडा आहे. काही झालंच तर तुमच्यामागे विमा उभा हवा." मग म्हणाले, "बायकोनं, एल्सीनं, माझा हात ओळखला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली ती."

आमच्याकडे लहान खटले गावातलीच साधी माणसं चालवतात; त्या दिवशी न्यायासनावर बाजारातल्या कापड दुकानाची मालकीण होती, मिसेस थ्वेट. तिने लेखणी खाली ठेवली.  गुन्हा घडलेला नाही, असं ती म्हणाली आणि बोस्तान बाहेर पडेपर्यंत त्याच्या मानाने उभी राहिली. तिच्यामागोमाग प्रीससाहेब उठले, मग आम्ही सगळे. मरणाच्या दारातल्या बाईकडे निघालेल्या माणसाला थांबवण्यात एवढी माया असू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. चर्चमध्येही मी इतकी नम्र कधी झाले नव्हते.

बायको-मुली त्याच उन्हाळ्यात आल्या. थोरली आता शाळेत गणित शिकवते. ऑग्डेन आणखी नऊ वर्षं जगले, दर गुरुवारी आमच्याच गाडीने एल्सीच्या कबरीवर जात. प्रीससाहेब निवृत्त होऊन समुद्रकाठी गेले. त्याआधी नोकरीची शेवटची सहा वर्षं नव्या ड्रायव्हरांना ते हा खटला स्वतःच्या चुकीसकट सांगत. मिसेस थ्वेटचं दुकान तिच्या भाचीने विकलं. मी ब्याऐंशीची आहे, गुडघे बदललेत. बोस्तानने २००६ साली ड्रायव्हरचा बिल्ला परत केला. दोन वर्षांनी तो गेला आणि त्याला मीरपूरला, आईच्या कबरीशेजारी नेलं.