लिंबाखालची पिशवी

मित्रांनो, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, भिंतीला पाठ लावून बसलेली मी एक जुनी दगडी डोण आहे. जोतिबाच्या डोंगराखालच्या खाणीत एका पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून कोरून काढले. पाणी पिताना म्हशींच्या गळ्याला खरचटू नये, म्हणून माझ्या कडा त्याने घासून गुळगुळीत केल्या. संध्याकाळी धारेला आलेल्या म्हशी आधी माझ्यात तोंड घालत. गवळी माझ्या अंगावर थाप मारून म्हणत, "हितलं पाणी पिली की म्हस दोन घोट जास्त देती." ते खरे नव्हते, पण ऐकायला बरे वाटे.

पुढे गोठे गावाबाहेर गेले. माझ्यावरचा नळ तुटला, तो कुणी जोडला नाही. मग एका सकाळी माझ्या कोरड्या पोटात कचऱ्याची एक पिशवी आली आणि हळूहळू तिला सोबत मिळत गेली.

तिकटीवर उतारा ठेवायची इथली रीत आहे. दृष्ट काढलेला भात, त्यावर कुंकू लावलेला लिंबू. त्याला कुणी हात लावत नाही, कुणाचा म्हणून विचारतही नाही. हे काही हुशार माणसांच्या ध्यानात आले. घरातल्या कचऱ्याच्या पिशवीवर कुंकवाचा लिंबू ठेवला की काम झाले. अमावस्येची वाट पाहायची गरज उरली नाही. रोजच माझ्यात उतारे पडू लागले. दिवेलागणीला वारा सुटला की त्या पिशव्या श्वास घेतल्यासारख्या फुगत आणि बसत. आया मुलांचे डोळे झाकून पलीकडून जात. मी, जनावरांची तहान भागवणारी, भुताची जागा झाले.

कोपऱ्यावरच्या घरातले विजयसिंह रोज सकाळी फिरायला जातात. त्यांच्या आईला, बयाबाईंना, साखरेच्या आजारासाठी इंजेक्शन घ्यावे लागते. घंटागाडी येते तेव्हा विजयसिंह घरी नसतात. म्हणून त्यांनी साठलेल्या उघड्या सुया एका पिशवीत भरल्या, ती माझ्यात ठेवली, वर लिंबू ठेवला आणि ते फिरायला गेले.

थोड्या वेळाने घंटागाडी आली. तिच्यावर काम करणारी यल्लव्वा माझ्यापाशी वाकली.

"उतारा हाय त्यो. ऱ्हाऊ दे की," चालक गणपती आतूनच म्हणाला.

"रोज रोज कुणाला भूत लागतंय रं या पेठंत?" यल्लव्वा म्हणाली. "लिंबू घरी न्हेतो, सरबताला हुईल."

तिने पिशवीखाली हात घातला. हातमोज्यातून सुई आत गेली. माझ्या कडेवर रक्ताचा एक थेंब पडला.

पेठेत बातमी फिरली. उताऱ्याला हात लावला, म्हणून बाधा झाली. काही दिवसांनी यल्लव्वा माझ्या कडेवर येऊन बसली, तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता.

"दवाखान्यातल्या संघप्रिया डॉक्टरीणबाई म्हणत्यात, सुईतनं रोग लागू शकतो. ती कुणाची कळली तर त्या माणसाचं रगत तपासता येतंय. न्हायतर गोळ्या खायच्या, आन् म्हैनं म्हैनं वाट बघायची."

"घरात काय म्हणत्यात?" गणपतीने विचारले.

"नातवाला घास भरवत न्हाय मी. तसं काय हुत न्हाय म्हणत्यात बाई. पर हातच फुडं जात न्हाय."

विजयसिंह तेव्हा दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले आणि चपलेकडे पाहत राहिले. मला सगळे ठाऊक होते. पण दगडाला वाचा नसते, आणि माझे तोंड तर कचऱ्याने भरलेले.

बयाबाई काठी टेकत त्यांच्या मागून बाहेर आल्या.

"विजू, माझ्या सुयांचा डबा मोकळा कसा झाला?"

"आई, आत चल. लोकं बघत्यात."

"बघू देत की. माझ्या नावानं भुताची कामं करतोस, तवा लाज वाटली न्हाय?" त्या यल्लव्वापुढे उभ्या राहिल्या. "बाई, सुई माझी हाय. चल दवाखान्यात. किती लागंल तेवढं रगत घ्या म्हणावं."

विजयसिंहांनी रिक्षा बोलावली.

बयाबाईंच्या रक्तात भिण्यासारखे काही निघाले नाही. यल्लव्वा नातवाला पुन्हा भरवू लागली. विजयसिंह आता सुया जाड डब्यात बंद करून, सांगून, गाडीवर देतात.

तरीही मित्रांनो, पिशव्या थांबलेल्या नाहीत. म्हणून माझी तुम्हाला विनवणी आहे. ओला कचरा वेगळा द्या, सुका वेगळा द्या. सुई असो, फुटकी काच असो, आत काय आहे ते सांगून द्या. तुमच्या हातून सुटलेली पिशवी कुणाच्या तरी हातातच जाते. रोज सकाळी यल्लव्वाचा हात माझ्यापर्यंत येतो आणि वीतभर अंतरावर थबकतो. तिने भुतांची भीती कधी धरली नव्हती. आता ती माणसांना भिते.