परतीची सहा मिनिटं

ट्रॉलीच्या कडेला चिकटवलेला तो पांढरा टायमर — स्वयंपाकघरात असतो तसलाच, सिस्टरनी स्वतःच्या घरून आणलेला — आज जरा तिरका होता, मागचं चुंबक सैल झालं असणार, आणि त्याच्या पडद्यावर चार शून्यं, मधे दोन ठिपके. ठिपके लुकलुकत होते. टायमर बंद असतानाही ते लुकलुकत राहतात हे तिच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. दीड वर्ष झालं, ती याच खोलीत, याच ट्रॉलीशी उभी राहून लोकांच्या आतड्यात दुर्बीण घालायला शिकत होती, आणि टायमर म्हणजे तिच्यासाठी फक्त एक टिक असा आवाज होता. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या पार टोकाला पोचली, तिथला फोटो निघाला, की सिस्टर म्हणायच्या, "चला, परतीची वेळ लावते," आणि टिक. तिथून पुढे सहा मिनिटं. जास्त चालतील, कमी नाही.

जाताना नुसता रस्ता शोधायचा, बघायचं ते येताना — हे सरांचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य. आतडं म्हणजे सरळ नळी नव्हे, आत घड्याच घड्या. प्रत्येक घडीच्या मागे डोकावल्याशिवाय तिला सोडायचं नाही. मसुराएवढी गाठ अशाच घडीमागे दडून बसते, आज काढली तर पाच मिनिटांचं काम, पाच वर्षांनी सापडली तर… "आतडं काही पळून जात नाही," सर म्हणायचे, "पळता तुम्ही."

काल तीन मिनिटं चाळीस सेकंद.

बटण तिनेच बंद केलं होतं, डाव्या कोपराने, कारण हातात दुर्बीण होती. सिस्टर तेव्हा दाराबाहेर होत्या, तिचाच फोन कानाला लावून. "पाळणाघर आहे, मॅडम. तिसऱ्यांदा." मुलीला ताप होता. पाळणाघरातल्या मावशी म्हणत होत्या, एकशे दोनच्या वर, तासाभरात घेऊन जा, बाकीची मुलं आहेत. नवऱ्याचा फोन बंद. दुर्बीण टोकाला पोचलेली, फोटो निघालेला, समोर पडद्यावर ते गुलाबी, ओलं, चकचकीत आतडं… आणि तिने दुर्बीण मागे घेतली. ओढली म्हणायला हवं. घड्या दोन्ही बाजूंनी सरकत गेल्या, बसच्या खिडकीतून झाडं जातात तशा. डोळे उघडे होते तिचे. पण डोळ्यांसमोर होता तो मुलीचा तापाने लाल झालेला चेहरा. म्हणजे असं ती काल रात्रीपासून स्वतःला सांगत होती. खरं तर चेहराही नव्हता. नुसतं घड्याळ होतं.

आणि नंतर रिपोर्ट टाइप करताना — परतीची वेळ: सहा मिनिटं दहा सेकंद. ते दहा सेकंद. नेमकी सहा लिहिली तर संशय येईल म्हणून दहा सेकंद वर. खोटं लिहिताना सेकंदांचा विचार करायला तिला सवड होती.

"लेक कशी आहे?" सिस्टरनी चादर बदलता बदलता विचारलं.

"बरी आहे. बाबा थांबलाय आज घरी."

"ताप?"

"उतरला."

सिस्टरनी चादरीचं टोक गादीखाली खोचलं, वर पाहिलं नाही. पंधरा वर्षं या खोलीत काढलेली बाई. आपण दाराबाहेर किती वेळ होतो हे तिला कळलं नसेल? परत आली तेव्हा टायमरवर शून्यं होती… शून्यंच का होती, हे तिने विचारलं नाही. कदाचित कळलंच नसेल. कदाचित कळलं असेल आणि तिने ते या चादरीसारखंच कुठेतरी खोचून टाकलं असेल.

ताप उतरला, हे उत्तर खरं म्हणजे पूर्ण नव्हतं. ती धापा टाकत पाळणाघरात पोचली तेव्हा मुलगी गालिच्यावर बसून बिस्किटाचे तुकडे बाहुलीला भरवत होती. कपाळ कोमट. मावशी ओशाळून म्हणाल्या, "अहो, मघाशी खरंच तापली होती, आमचा थर्मामीटर जरा…" मुलगी धावत आली, पायांना बिलगली, आणि त्या क्षणी आईला जे वाटलं ते सुटकेसारखं नव्हतं. राग आला होता. एवढाच ताप? एवढ्यासाठी मी… स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलीला थोडा जास्त ताप हवा होता मला, निदान एकशे दोन तरी, सांगता येण्याजोगा. हे कोणत्या रिपोर्टात लिहायचं?

बारा वाजता सरांची बैठक. दर तीन महिन्यांनी शिकाऊ डॉक्टरांचे आकडे ते स्वतः वाचून दाखवायचे, चष्मा कपाळावर ढकलून, कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून. आधी तुफानची पाळी. तुफान म्हणजे तिच्याच बरोबरीचा शिकाऊ डॉक्टर. दुर्बीण घेऊन टोकापर्यंत चार मिनिटांत पोचतो म्हणून पडलेलं नाव.

"सरासरी परतीची वेळ पाच दहा," सर म्हणाले. "तुफानराव, घरी गॅसवर दूध ठेवून येता का?"

सगळे हसले. तुफानही हसला. "सर, लक्ष असतं माझं."

"लक्ष कुणाचं नसतं? वेळ दे म्हणतोय मी, वेळ." सरांनी पान उलटलं. "हिच्याकडे बघा. सहा वीस. तीन महिन्यांत एकदाही सहाच्या खाली नाही. घरी लहान मूल, तरी इथे आली की घाई म्हणून नाही. याला म्हणतात बघणं."

"ताईंच्या पोटातच घड्याळ आहे, सर," तुफान म्हणाला. "त्यांचीच दुर्बीण करायला हवी एकदा."

पुन्हा हसू. तीही हसली. गाल हसले, कान तापले, आणि मानेच्या मागून काहीतरी गरम खाली उतरत गेलं… तुफानची पाच दहा खरी होती. खरी म्हणून बोलणी खात होती. तिला वाटलं, आत्ता. आत्ता म्हणावं — सर, कालची एक… पण सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली होती, आणि लोक खुर्च्या सरकवत होते, आणि खुर्च्यांच्या आवाजात तिचं तोंड उघडून मिटलेलं कुणाला दिसलं नाही.

कालची पेशंट दुपारी रिपोर्ट न्यायला येणार होती. छप्पन्न वर्षांची बाई, तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणारी. थोरला भाऊ चोपन्नाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला, म्हणून काही त्रास नसताना केलेली ही तपासणी. रिपोर्टच्या तळाशी तिने काल टाइप केलं होतं: सर्व काही ठीक. पुढील तपासणी पाच वर्षांनी. पाच वर्षं म्हणजे माझी मुलगी तिसरीत. दुधाचे दात पडलेले असतील, पाढे येत असतील, आणि या बाईच्या आत एखाद्या घडीमागे, मी सरकवून टाकलेल्या एखाद्या घडीमागे… नसेल काही. बहुतेकांच्या नसतं. शंभरातल्या सत्तरांच्या नसतं. ती रात्रभर या सत्तरांना धरून बसली होती. पण या बाईला भाऊ होता, आणि तोही कधी काळी सत्तरांतलाच समजला गेला असेल.

मधल्या जिन्यात थांबून तिने वाक्य तयार केलं. काकू, काल माझ्याकडून घाई झाली, परत एकदा बघू द्या. एवढंच. पायऱ्या उतरताना एकेक शब्द पायरीवर ठेवून पाहिला. एकही जड नव्हता.

काकू आधीच खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिला पाहून अर्धवट उठल्या.

"बसा, बसा. त्रास नाही ना काही?"

"छे हो! मला तर कळलंसुद्धा नाही. मुलीला म्हटलं, काय हलका हात आहे पोरीचा… सॉरी हां, डॉक्टरांचा. माझ्या वहिनीची केली होती कुठे तरी, अर्धा तास घुसळत होते म्हणे. तुमचं आपलं झटपट." काकू हसल्या. "आमच्याकडे पण असंच असतं. नवीन मुली एक शर्ट घेऊन बसतात, उलटा करतात, सुलटा करतात. माझी नजर फिरली की टाका सुटलेला दिसलाच. सवयीचं काम. तुमचंही तसंच असणार."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कालचे चार फोटो होते. पहिल्या, पार टोकाच्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत चार वाजून बारा. शेवटच्याच्या कोपऱ्यात चार वाजून सोळा. ते तिथे छापलेले असतात, सगळ्यांच्या रिपोर्टात, आणि वाचत कुणीच नाही.

"काकू," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं. तपासणी परत एकदा करावी लागेल."

पर्सवरचे हात थांबले. "काही दिसलं का?"

"नाही, नाही! तसं काही नाही. काल माझ्या…" इथपर्यंत वाक्य जिन्यातलंच होतं. मग काकूंचे डोळे तिच्या चेहऱ्यावर आले, सरळ, विश्वासाने मोठे झालेले, टाका शोधणारे डोळे, आणि वाक्य आपोआप वळलं, वासरू ओळखीच्या गोठ्याकडे वळतं तसं. "…काल माझ्या लक्षात आलं, आतडं पुरेसं साफ नव्हतं. त्यामुळे सगळं नीट दिसलं नाही."

काकूंच्या गळ्यापासून वर एक लाली चढत गेली, गालांपर्यंत, कानांपर्यंत. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"तुम्हाला कळलं का ते?" आवाज एकदम खाली. "पोट साफ व्हायच्या त्या औषधाचे शेवटचे दोन ग्लास मी नाही प्यायले. सिंकमध्ये ओतून दिले. काय ती चव हो, समुद्राच्या पाण्यात साबण घातल्यासारखी… ओकारीच आली मला. सकाळी सिस्टरनी विचारलं, सगळं संपवलंत ना, तर मी हो म्हटलं. खोटं बोलले. या वयात." त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली. "तुमचा एवढा वेळ फुकट घालवला मी. माफ करा हां मला. आणि मुलीला सांगू नका, बाहेर बसलीय, तिने काल रजा काढली होती माझ्यासाठी. आता परत काढायला लागणार."

आतडं स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ क्वचितच मिळतं. त्या दोन ग्लासांनी काडीचा फरक पडला नव्हता. पडद्यावर, काकूंकडे पाठ करून, चारही फोटो आरशासारखे चकाकत होते. एवढंच सांगायचं होतं, की काकू, तुमचं काही चुकलं नाही. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग चुकलं कुणाचं.

"होतं असं," ती म्हणाली. "बऱ्याच जणांचं होतं. पुढच्या वेळी मात्र सगळं प्या."

"थेंबसुद्धा ठेवणार नाही," काकू म्हणाल्या.

आणि तिने — मी — मान हलवली. क्षमा केल्यासारखी.

काकू बाहेर गेल्यावर तिने रिपोर्ट उघडला. स्वच्छता: उत्तम. ते पुसून अपुरी केलं. 'उत्तम'पेक्षा 'अपुरी' टाइप करायला जास्त वेळ लागला नाही. सर्व काही ठीक, तेही पुसलं. सहा मिनिटं दहा सेकंदांशी बोट थबकलं, मग पुढे सरकलं.

तारीख घ्यायला ती स्वतःच वर गेली. सिस्टरनी वहीतून मान वर न काढता कागद घेतला, वाचला.

"अपुरी?"

"हो."

"काल तर ताट घासून ठेवल्यासारखं होतं." सिस्टरनी कागद वहीत ठेवला, तो हलू नये म्हणून त्यावर पेन ठेवलं. बाजूच्या खोलीत दुर्बिणी धुण्याच्या मशीनचं पाणी बदलल्याचा आवाज आला. "मंगळवारी साडेआठ. पहिलीच केस लावते. तुमच्या टेबलावर घेऊ, की सरांच्या?"

सर पुन्हा होणाऱ्या तपासणीचा जुना रिपोर्ट आधी वाचतात. शब्द न् शब्द, फोटो न् फोटो, कागद हातभर लांब धरून.

"सांगते," ती म्हणाली.

"उद्या सकाळपर्यंत सांगा. यादी लागते मला."

संध्याकाळी ती मुख्य दरवाज्याने बाहेर पडत होती तेव्हा औषधांच्या खिडकीशी काकू दिसल्या, शेजारी त्यांची मुलगी. मुलीच्या हातात त्या औषधाची पाकिटं. तिला पाहिलं तर काकू थांबतील, ओळख करून देतील, पुन्हा माफी मागतील… ती खांबाआडच थांबली.

"ओतून दिलंस?" मुलगी म्हणत होती, मोठ्याने, खिडकीतल्या माणसालाही ऐकू जाईल अशी. "आणि वर सिस्टरना थाप? आई, कमाल आहे तुझी! लहानपणी मी दूध कुंडीत ओतलं तेव्हा केवढी धुतली होतीस मला!"

"हळू बोल ना गं."

"का हळू? सगळ्यांना सांगणारे मी."

आणि काकू हसायला लागल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलीने त्यांच्या पाठीवर एक चापटी मारली आणि हात तिथेच राहू दिला. सांगू नका म्हणाल्या होत्या. दोन तासही धरवलं नाही त्यांना. एवढं ते सोपं होतं — ज्यात त्यांची काही चूकच नव्हती ते — एका खिडकीशी उभं राहून, पोटच्या मुलीला, सांगून मोकळं होणं.

तिला हेवा वाटला. तिने तो ओळखला आणि तरी तो जाईना. दिवसभर ती सिस्टरच्या नजरेला, सरांच्या कागदाला, फोटोच्या कोपऱ्याला भीत आली होती, आणि त्या भीतीलाच लाज म्हणत होती. आता भिण्यासारखं काही समोर नव्हतं, दोन बायका हसत होत्या फक्त, आणि खांबाला टेकलेल्या तिच्या हाताचा तळवा घामाने ओला झाला होता. त्यांच्याकडे जावं, की सरांच्या खोलीत अजून दिवा आहे का बघावं, की घरी… घरी विचारतील, कसा गेला दिवस. एरवी ती म्हणते, गेला. आज तो गेलेला नव्हता.

दोघी वळल्या, हातात हात घालून रस्त्याच्या कडेकडेने निघाल्या, आणि त्या दिसेनाशा झाल्या तरी ती तिथून हलली नाही. कुणीतरी आपल्याला खांबामागे असं उभं राहिलेलं पाहिलं तर बरं होईल, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.