आधीपासून

वच्छलाबाईंनी सुनेच्या, आचलच्या कमरेवरचा पाण्यानं भरलेला गुंड ओढून घेतला आणि तिच्या हातात दुधाचा पेला दिला.

"राहू दे. जड हाय."

चार दिवसांपासून हेच चाललं होतं. सकाळी दूध, भाकरीवर तुपाची धार आणि कापूस वेचायला जायची बंदी. सासूबाई कुणाजवळ काही बोलल्या नव्हत्या, दृष्ट लागते म्हणून. पण देवळीतल्या गोळ्या त्यांनी पाहिल्या होत्या, हे आचलला कळून चुकलं होतं. गावात आशाताई तशा गोळ्या पोटुशी बाईलाच देते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात सासूबाईंचा तरी काय दोष?

या गोळ्या मात्र परतवाड्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या. मागच्या वर्षी पोट पडलं, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीच येऊन भेट. आचल गेली, तर रक्त कमी निघालं.

मागच्या खेपेलाही दूध असंच आलं होतं. दवाखान्यातून ती रिकामी परतली, त्या दिवसापासून ते बंद झालं. कुणी टोचून बोललं नाही, फक्त पेला फळीवर गेला. ते तिला फार लागलं होतं. म्हणून आता खरं सांगायला तिची जीभ रेटत नव्हती आणि चोरीचं खावं तसं ती ते दूध पीत होती.

आज पेला ओठांपाशी थांबला.

"आई, मले दिवस नाई गेले. गोळ्या आधीपासूनच घ्या लागतात म्हणे. रक्त भरून याले."

सासूबाईंनी गुंड खाली ठेवला.

"आधीपासून?"

"हो."

त्यांनी हात पुढे केला. आचलनं पेला दिला. व्हायचं तेच झालं होतं. सासूबाई आत गेल्या, भांडं वाजलं. ती उंबऱ्याशी खाली मान घालून उभी राहिली.

त्या बाहेर आल्या तेव्हा पेल्यातून वाफ निघत होती.

"थंड झालं होतं," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे न पाहता, "मागच्या टायमाले मी उशिरा सुरू केलं. अन् लवकर बंद केलं."

आचलनं पेला दोन्ही हातांनी धरला. सासूबाईंनी पुन्हा गुंडाला हात घातला.

"अन् माह्या किशोरले काई नाई सांगतलं डाक्टरीणनं?"

"तंबाखूचा खर्रा सोडाले सांगतला."

"मंग पुडी कुठी लपवते तो, ते सांग मले."