पायांची वाट पाहणारा गालिचा

मी एक जुना गालिचा आहे. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, रंगाने लाल आणि स्वभावाने, आता लपवून काय करू, थोडा गर्विष्ठ. सध्या मी रायपुरात तेलीबांध्याच्या तळ्याजवळ चौथ्या मजल्यावर राहतो. पण मित्रांनो, माझा जन्म फार दूरचा, कुर्द लोकांच्या डोंगरातला.

तिथे रूनाक नावाच्या मुलीने आणि तिच्या आईने मला विणले. भिंतीला टेकवलेल्या उभ्या मागावर लोकरीचे धागे ताठ बांधले होते. तो ताणा. रूनाक रंगीत लोकर दोन धाग्यांभोवती फिरवी, तिची टोके मधून बाहेर ओढी आणि सुरीने कापी. झाली एक गाठ! गाठींची ओळ पुरी झाली की पाण्यात भिजवलेला आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायचा. मग तिची आई जड लोखंडी फणीने तो असा ठोकी की माझा जीव दणाणून जाई. बाणा वाळला की गाठी एकमेकींना घट्ट धरून बसत. माझा लाल रंग मंजिष्ठेच्या मुळांचा, निळा निळीचा आणि पिवळा डाळिंबाच्या सालींचा. सात महिन्यांनी मला मागावरून उतरवले, तेव्हा रूनाक अनवाणी माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. गालिचा चालण्यानेच मऊ होतो, असे तिच्या घरी मानत. ती पावले मला फार आवडली. पुढच्याच आठवड्यात मी बाजारात गेलो.

तिथे मला गंगाधररावांनी घेतले. ते रेल्वेतले, रूळ टाकण्याच्या कामावर तीन वर्षे इराकला आलेले. दुकानदाराला हिंदी येत नव्हती, म्हणून त्याने हातांनीच बजावले: याला गुंडाळून ठेवायचे, घडी कधी घालायची नाही. इतका घट्ट विणलेला गालिचा दुमडला की आतला धागा तुटतो. गंगाधररावांनी मान डोलावली. ती मान मी नीट पाहिली आहे.

रायपुरात ते गुढियारीच्या बाजूला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत. दोन खोल्या, तीन खाटा, एक कपाट. मला अंथरायला जमीनच उरली नव्हती. कोपऱ्यात उभा करावा, तर दार उघडेना. त्यांच्या पत्नी शारदाबाई माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "कित्ती सुंदर आहे हो! पण घालू कुठं?"

"आपलं सोताचं घर होईल न, तवा अंथरू," गंगाधरराव म्हणाले. "पह्यलं पाऊल आपण दोघं ठेवू."

आता शारदाबाईंच्या घड्यांची अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कीर्ती होती. त्यांनी मला कडेला कड लावून दुमडले, घडीत कडुलिंबाचा पाला आणि कापूर ठेवला आणि माळ्यावर चढवून वर तीन गाद्या रचल्या. गंगाधररावांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मी काय बोलणार? मला कोण विचारतो!

दर उन्हाळ्यात त्या मला अंगणात ऊन दाखवत. शेजारची पोरे धावत येत आणि मी मनातून म्हणे, या रे, चढा, नाचा! पण शारदाबाई काठी घेऊनच उभ्या. "ए पोट्टेहो, पाय नका लावू! आमच्या घरासाठी ठेवला आहे!" संध्याकाळी पुन्हा त्याच रेघेवर तीच घडी. अंधारात मी पायांची वाट पाहत पडून राही. एखादे वेळी माळ्यावर उंदीर धावला, तरी मला बरे वाटायचे.

मग नवे राज्य झाले. रायपूर राजधानी झाले आणि शहराला पंख फुटले. मुलगा शिशिर सरकारी नोकरीत लागला. त्याने तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, तेव्हा मला घडीत बावीस वर्षे झाली होती. सामान लागण्याआधीच शारदाबाईंनी मोकळ्या दिवाणखान्यात मला उलगडायला घेतले. कर्र असा आवाज झाला. माझ्या मधोमध हातभर चीर गेली.

"आई, ये तो बीच से टूट गया," शिशिर म्हणाला. "जाने दो न, नया ले लेंगे."

शारदाबाई चिरेवरून बोट फिरवू लागल्या. "माह्याच हातानं मोडला मी," एवढेच म्हणाल्या. दोन दिवस त्यांना जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी गंगाधरराव त्यांच्याजवळ येऊन बसले.

"शारदा, तुही चुकी नाही. दुकानदारानं मले तवाच सांगतलं होतं, का याची घडी नको घालजो."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? गुंडाळून ठेवाले जागा नव्हती. एवढासा क्वार्टर अन् आणला मोठा गालिचा! मले लाज वाटे."

"बावीस वर्षं पाहून राहिले तुम्ही माही घडी अन् गप्प बसले?" त्या रागाने उठून गेल्या. संध्याकाळी मात्र मला उलटे घालून चष्म्यातून माझी पाठ न्याहाळू लागल्या. तुटलेल्या कडेची एक गाठ त्यांनी हलकेच सोडवली, पुन्हा बांधून पाहिली, पुन्हा सोडवली. स्वेटर विणणारा हात तो, त्याला चौथ्या खेपेला उमगले.

गोल बाजारातून लोकर आली. गंगाधररावांनी ती उन्हात धरधरून रंग जुळवला, तरी नवा लाल जरा भडकच निघाला. शारदाबाईंनी आधी पाठीमागून जाड दोऱ्याने चीर सांधली, मग एकेक गाठ घातली. रूनाकनंतर इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. हे काम सव्वा महिना चालले.

मग मला खिडकीजवळ अंथरले. गंगाधररावांनी चपला काढल्या. शारदाबाईंचा हात धरून ते माझ्यावर आले आणि मधोमध थांबले. साखरेच्या आजाराने त्यांचे तळपाय दोन वर्षांपासून बधिर झाले होते.

"शारदा, ठेवले न मी पाय? मले समजून नाही राहिलं."

"ठेवले न. दोन्ही ठेवले."

"कसा आहे?"

शारदाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी आपल्या पायांनी चाचपून पाहिले. "नरम आहे. दबते अन् मंग वर येते. खिडकीकडं कोमट आहे. मधात माह्या गाठी टोचतात जराशा."

"अजून सांग," ते म्हणाले.

त्या एकेक पाऊल टाकत सांगत राहिल्या आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. बावीस वर्षे ज्या पावलांसाठी मी झुरलो, ती मला पुरेपूर कळली. त्यांना मात्र मी कळलो नाही. मित्रांनो, हे दुःख माझ्या चिरेपेक्षा मोठे आहे.

शारदाबाईंनी मला फार जपले, आणि जपण्यातच मी तुटलो. पाय लागून झिजलो असतो, तर माझी काही तक्रार नव्हती. तुमच्याही घरात माळ्यावर 'पुढे कधीतरी' म्हणून ठेवलेले काही असेल. ते आजच खाली काढा, अंथरा, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्यावरून आधी चालू द्या.