पिवळ्या रेघा

आठवड्याचे सहा दिवस थोरला लोकांना एकच गोष्ट सांगत असे: हलू नका. श्वास घ्या, रोखा, हलू नका, हं, सोडा. बावीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत त्याने हेच केलं होतं. कुणाचा गुडघा, कुणाची बरगडी. जरा कुणी हललं की फोटो वाया. म्हणूनच की काय, सातव्या दिवशी त्याला हलणाऱ्या गोष्टींचं वेड होतं. शहराबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांच्या मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथे तो हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन तारेच्या कुंपणाला चिकटून उभा राहायचा, दिवसभर धूळ खायचा आणि संध्याकाळी मान धरून घरी यायचा. बायको म्हणायची, "लोक सुट्टीला आराम करतात, तुम्ही मान मोडून घेता. बरं आहे, एक्स-रे तरी फुकटात होईल."

ह्या फोटोवाल्यांची एक जमातच असते, आणि जमातीचे हट्टही भारी. गाडी येताना दिसली की तिच्यावर नेम धरायचा, तिच्याबरोबर कंबरेतून वळत जायचं, आणि शटर इतकं सावकाश ठेवायचं की गाडी स्पष्ट यावी पण चाकं नुसती भिरभिरावीत. शंभरातले पाच फोटो जमतात, पण त्या पाचांत वेग दिसतो. शटर जलद ठेवलं तर शंभरच्या शंभर जमतात, मात्र चाक थांबलेलं दिसतं, नट मोजून घ्यावेत इतकं. असा फोटो कुणी दाखवला की बाकीचे विचारतात, "पार्किंगमध्ये काढलास का रे?" थोरल्याला सुरुवातीच्या दिवसांत चारचौघांत कुणीतरी हे विचारलं होतं. माणूस काय काय मनाला लावून घेतो! तो ते विसरला नव्हता.

ट्रॅकचा नाद त्याला लागला तो धाकट्या भावामुळे. धाकटा तिथे मेकॅनिक होता. एका मालकाच्या लाल गाडीचं सगळं तो एकटा बघायचा. चाकाचे पाचही नट आवळून झाले की खिशातून पिवळ्या रंगाची बाटली काढायचा आणि प्रत्येक नटावरून चाकावर उतरणारी एक बारीक रेघ ओढायचा. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. बाकीचे मेकॅनिक हसायचे, "गाडीला काजळ घालतोय बघा!" धाकटा म्हणायचा, "हसा. मला रात्री झोप लागते."

त्या रविवारी दुपारी थोरला तिसऱ्या वळणाशी उभा होता. तिथल्या झेंडेवाल्याशी त्याची जुनी ओळख. रिटायर झालेला पोस्टमन, रंगीत टोपी घालून हौसेने यायचा, पुढे धोका असला की पिवळा झेंडा हलवायचा. दर वेळी म्हणायचा, "साहेब, एकदा आमचाही काढा की." थोरला "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचा. झेंडेवाला जागेवर उभा असे, त्याच्यात काढण्यासारखं काय होतं?

शर्यत सुरू झाली. दुसऱ्या फेरीला लाल गाडी आली तसा थोरल्याने नेम धरून फोटो काढला आणि पडद्यावर बघितला. शटर जलदच राहून गेलं होतं. सकाळी दुसऱ्यांच्या उभ्या गाड्यांचे फोटो काढल्यावर बदलायचं विसरला होता. चाक ठार थांबलेलं. त्याने फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या चाकावर पाच नट, पाच पिवळ्या रेघा, एकही तुटलेली नाही. "शाब्बास, धाकट्या," तो मनात म्हणाला. मग त्याला त्या फोटोची लाज वाटली. कार्ड जवळजवळ भरलं होतं, जागा हवीच होती. त्याने तो पुसला, आणखी वीसेक फसलेले पुसले, आणि शटर सावकाश केलं.

पाचव्या फेरीला एक गाडी वळणावर गरकन फिरली. झेंडेवाला पुढे होऊन झेंडा हलवू लागला. मागून लाल गाडी आली, तिने ब्रेक दाबला, आणि तिचं पुढचं चाक, थोरल्याच्याच बाजूचं, सुटलं. ते टायरांच्या भिंतीवरून उसळलं आणि झेंडेवाल्याच्या छातीवर आलं. थोरल्याचं बोट शटरवर होतं, ते तिथेच राहिलं. कार्ड भरून कॅमेरा आपोआप गप्प झाला तेव्हा त्याला कळलं की आपण फोटो काढत होतो. झेंडेवाल्याचे वीस-बावीस फोटो आले होते.

झेंडेवाला हॉस्पिटलात पोचलाच नाही. मालकाने हात झटकले: मेकॅनिकने नट आवळलेच नव्हते, एकेक करून उडाले. धाकट्याचं म्हणणं, नट ज्यांवर बसतात ते बोल्टच झिजले होते, दोन महिने बदला बदला म्हणून मी मागे लागलो होतो, तेच तुटले असणार. तुटलेले बोल्ट ज्या भागात अडकून राहिले असते तो भाग त्याच संध्याकाळी मालकाच्या टेम्पोतून कुठे गेला, देव जाणे. चाकाचा तर चेंदामेंदा झालेला. ट्रॅकच्या लोकांनी चौकशी समिती बसवली.

सोमवारी सकाळी धाकटा एक्स-रेच्या खोलीत आला. दाढी वाढलेली, कालचेच कपडे.

"दादा, तू तिथेच होतास ना? एक तरी फोटो असेल. रेघा दिसतील असा."

"बघतो," थोरला म्हणाला.

"एकच पुरे. रेघा अखंड दिसल्या की झालं. नट सैल नव्हते हे कुणीही सांगेल."

"बघतो म्हटलं ना."

त्याने पाहिलं. त्या दिवसाचे चारशे बारा फोटो, एकाहून एक सरस, आणि लाल गाडीच्या प्रत्येक फोटोत चाकाच्या जागी नुसता धूर. आयुष्यभराची करामत त्या दिवशी नेमकी साधली होती. दोन दिवस तो धाकट्याला "शोधतोय" सांगत राहिला. भावाला तोंड कसं दाखवावं हेच त्याला समजेना. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "नसेल तर नाही म्हणून सांगा. टांगून कशाला ठेवलंय त्याला?" तेव्हा तो उठून धाकट्याच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "होता. मी पुसला."

धाकट्याने चपला पायांत सरकवल्या. मग म्हणाला, "पुसलेले परत काढून देणारे असतात."

तसा एकजण बाजारात होता. मोबाइलच्या दुकानामागे एवढीशी खोली, टेबलावर उघडे पडलेले कॉम्प्युटर. त्याने कार्ड लावलं आणि तास-दीड तास दोघांना बाकावर बसवून ठेवलं. शेवटी हाक मारली. "बघा, हाच का? फोटो वरून खाली उतरेल, घाई करू नका."

आधी आभाळ आलं. मग लाल छत, मग हेल्मेट, हेल्मेटवरची काचसुद्धा लख्ख. थोरल्याने ओळखलं, हाच. काच सरली, दरवाजा आला, आणि त्याखाली करडा पट्टा सुरू झाला. करडा, करडा, आणि चाक असायला हवं तिथे झगझगीत पिवळं.

"दादा!" धाकट्याने त्याचं मनगट धरलं. "पिवळं! दिसतंय, दादा, पिवळं दिसतंय!"

"थांबा हो," दुकानदार म्हणाला. "हा तुकडा ह्या फोटोतला नाही. पुसल्यावर आणखी काढलेत ना तुम्ही? ते ह्याच जागेवर बसलेत." त्याने तो तुकडा मोठा केला. पिवळ्यावर कापडाच्या चुण्या होत्या. कडेला काठी होती, आणि काठीवर चार बोटं.

धाकट्याने मनगट सोडलं. दुकानदाराला कशाचीच कल्पना नव्हती. "कार्ड चांगलं आहे पण," तो म्हणाला. "अजून पाच वर्षं चालेल."

थोरला समितीपुढे गेला. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे ग्लास. त्याने सगळं सांगितलं: पाच नट, पाच रेघा, दुसरी फेरी. मधल्या माणसाने चष्मा काढला.

"फोटो स्पष्ट होता?"

"अगदी स्पष्ट."

"मग पुसलात का?"

"स्पष्ट होता म्हणून." मग त्याला वाटलं, आपण समजावून सांगायला हवं. तो शटर, वेग, चाकांचा धूर असं सांगू लागला. उजवीकडच्या माणसाने खाली मान घालून हसू दाबलं. मधला म्हणाला, "तुम्ही ह्यांचे सख्खे भाऊ ना? ठीक आहे, या."

निकाल त्याच दुपारी लागला: नट सैल, दोष मेकॅनिकचा, कागद पोलिसांकडे. मालकाच्या बोल्टचं कुणी नावही काढलं नाही. भाऊ दोघे जिन्याने उतरले आणि खाली पायरीवर बसले. धाकट्याने खिशातून ती पिवळी बाटली काढली. तिचं झाकण तो उघडत होता, लावत होता.

"तुला एक सांगतो, दादा. समितीला नाही सांगितलं. त्या चाकाच्या वेळी मालकाने हाक मारली होती. मी मध्येच उठून गेलो. परत येऊन नट पुरे केले की नाही, तेच मला आठवत नाही. रोज आठवून बघतो. रोज वेगळंच आठवतं." त्याने झाकण घट्ट बसवलं. "समितीचं जाऊ दे. मला बघायचा होता तो फोटो."

"केले होतेस," थोरला म्हणाला. "मी मोठा करून पाहिला होता रे. पाच रेघा. एकही तुटलेली नव्हती. आईची शपथ."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

"तू पाहिला नसतास ना, तरी हेच म्हणाला असतास."

थोरल्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण ते खरंच होतं. भावासाठी त्याने डोळे झाकून खोटी शपथ घेतली असती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकटा उठला, बाटली पायरीवरच ठेवून रस्त्याला लागला. थोरला हाक मारायला उठला, पण हाक मारून सांगण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.